चौकोनी चाकाचा रस्ता

मे महिन्यात नागपूरची दुपार. मुलं घरात कोंडलेली, आणि कूलरपेक्षा त्यांचाच आवाज जास्त. त्यात लेकीने व्हिडिओत न्यूयॉर्कचं गणिताचं संग्रहालय पाहिलं, 2012 साली सुरू झालेलं. तिथे चौकोनी चाकांची तीनचाकी आहे आणि ती गचके न देता चालते. "बाबा, जाऊ ना!" आमची धाव रमण विज्ञान केंद्रापर्यंत. म्हटलं, घरीच करू.

10 सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा चौकोन कापला, मधोमध पेन्सिल खुपसली. रस्त्यासाठी वाटी ठेवून अर्धगोल उंचवटे आखले. चाक धडपडलं. पुतण्या म्हणाला, "काका, हे तं पावसाळ्यातला आटो होऊन राहिला."

खरा आकार लोंबत्या साखळीचा, उलटा केलेला. दिसायला अन्वस्तासारखा (पॅराबोला), पण तो कॅटेनरी. 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बर्नोली या गणितज्ञांनी त्याचं कोडं सोडवलं. आमच्या कामाची गोष्ट एवढीच: उंचवट्याच्या बाकाची लांबी चौकोनाच्या बाजूइतकी हवी. हिशेब केला, तर साखळी 10 सेंटिमीटर आणि तिच्या टोकांमधलं अंतर 8.8.

किल्ल्यांची साखळी टांगली, तर जाड कड्यांमुळे ती गोलसर वाकेना, मध्येच कोपरे पडले. शेवटी बायकोचं जुनं पैंजण मागितलं. "घुंगरू तोडाल तं बघा!" घुंगरू नसलेला तुकडा मोजला, दोन्ही टोकांना नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि भिंतीवरच्या कागदावर टाचण्यांनी लावला. मधला झोल मोजला: 2 सेंटिमीटर आणि वर किंचित. लेकीने श्वास रोखून कडीकडीखाली पेन्सिलीचे ठिपके दिले. ते ठिपके जोडून तो बाक उलटा केला आणि त्यावरून एकसारखे पाच उंचवटे कापले.

चाक आडवं पडू नये म्हणून पुठ्ठ्याचे सहा थर फेविकॉलने चिकटवले. घसरू नये म्हणून रस्त्यावर पॉलिश पेपर लावला. हे दुसऱ्या दिवशी सुचलं, पहिला दिवस चिडचिडीत गेला.

मग चाक सोडलं. बाजू उंचवट्यावर लोळत गेली, कोपरा खाचेत बसला, पुन्हा उठला. पण नजर ठेवायची ती पेन्सिलीवर. ती भिंतीवर आखलेल्या आडव्या रेघेवरून सरळ सरकत गेली. पुतण्याने पट्टी लावून खात्री केली. आपल्यावर त्याचा विश्वास कमीच.

लगेच लेकीची फर्माईश, त्रिकोणी चाक. तेही केलं. पण पुढचा उंचवटा आधीच टोकाला आडवा आला. षटकोनाचं जमेल म्हणतात, म्हणून आता पैंजण पुन्हा मागायला कोण जाणार यावर वाद चालू आहे.