एकोणचाळीस क्रेडिट म्हणजे शून्य

अमेरिकेत पेन्शनचा वाद पेटला की एक साल हमखास निघतं: २०३३. सोशल सिक्युरिटी म्हणजे तिथली सरकारी पेन्शन योजना; तिच्या विश्वस्तांनी २०२५ च्या अहवालात लिहून टाकलंय, वृद्धापकाळाच्या फंडातली शिल्लक २०३३ ला संपेल, मग येणाऱ्या जमेतून ठरलेल्या पेन्शनच्या ७७ टक्केच देता येईल. सरकारी कागदावर एवढं सरळ वाचायची आपल्याला सवयच नाही. आपल्याकडं ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ ला महिना हजार रुपये ठरली, त्याला दशक उलटलं. परभणीच्या रिटायर एसटी कंडक्टरनं पुढचा आकडा विचारायचा कुणाला?

उपाय इथं अमेरिकेतही कुणाला गोड लागत नाहीत. एक बाजू म्हणते, २०२५ ला १,७६,१०० डॉलरच्या वरच्या पगारावर कपातच नाही, ती मर्यादा उठवा. दुसरी म्हणते, वय वाढवा. १९८३ ला रेगन यांच्या काळात पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ केलं, तेही इतक्या हळू की पूर्ण ६७ लागू झालं ते १९६० पासून जन्मलेल्यांना.

या गदारोळात आपल्या पोरांचं नाव कुणी काढत नाही. एच-वन-बीवाल्याचे, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याचे, पगाराचे ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. पेन्शनला ४० क्रेडिट, म्हणजे कमाईवर खात्यात जमा होणारे गुण, लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. ३९ वर गावाकडं परतलात तर पेन्शन शून्य, भरलेलं परतही नाही. वर्षाला लाख डॉलर पगार धरा: नऊ वर्षांत स्वतःच्या खिशातले ५५,८०० डॉलर गेले. जर्मनी, जपान, कॅनडाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही. आपल्या ईपीएसला कितीही नावं ठेवा, दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर वाळूजच्या कामगाराला फॉर्म १०-सी भरून काहीतरी हातात पडतं.

आता दहावं वर्ष बघा. पेन्शन ३५ वर्षांच्या सरासरीवर निघते, म्हणजे पंचवीस वर्षं शून्य धरली जातात. लाखाच्या पगारानं दहा वर्षांची महिन्याची सरासरी २,३८१ डॉलर. पण सूत्र कमी सरासरीवाल्याला झुकतं माप देतं: २०२५ च्या टप्प्यांनी पहिल्या १,२२६ चे ९० टक्के, पुढच्याचे ३२. बेरीज साधारण १,४७० डॉलर महिना, वयाच्या ६७ व्या वर्षापासून. ६२ लाच घेतली तर ३० टक्के कमी.

चूक होते ती मोजण्यात. लोक विमानातून उतरल्या दिवसापासून दहा वर्षं धरतात. विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं ही कपात लागत नाही, ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर त्याच व्हिसावर करता येणारी, नोकरी असली तरी. आणि कपात नाही तर क्रेडिटही नाही. (चुकून कापली असेल तर आधी कंपनीकडं मागा, नाही दिली तर कर खात्याकडं परताव्याचा फॉर्म ८४३.) उलट, कपात लागू झाल्यावर वर्षात ७,२४० डॉलर कमावले की २०२५ ची चारही क्रेडिट जमा. ऑक्टोबरात रुजू झालेल्यालाही तेवढ्या पगारात वर्ष पूर्ण मिळतं.

त्यामुळं इथला कुणी 'अजून दोनच वर्षं' म्हणाला की 'डॉलरची चटक लागली' म्हणू नका. सोशल सिक्युरिटीच्या साइटवरच्या खात्यात त्याच्या नावापुढं ३२ क्रेडिट दिसत असतील. आणि परतताना ईपीएसचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भारतातल्या नोकरीच्या वर्षांचा दाखला, फेकू नका: भारतातल्या पेन्शनमुळं इथली पेन्शन कापणारी तरतूद जानेवारी २०२५ च्या कायद्यानं गेली.