शनिवारी दुपारी तीन वाजता

रविवारी, १८ मे २०२५ रोजी, लिव्हरपूल शहरातल्या गुडिसन पार्कवर एव्हर्टन या फुटबॉल क्लबच्या पुरुषांच्या संघाने शेवटची मॅच खेळली. १८९२ पासूनचं मैदान, माझ्या दारापासून चालत चार मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येऊन लिहायला बसले, तर एक ओळही धड उमटेना, नुसतं भरून येत होतं. म्हणून आज सुरुवात रागापासून करते. वर्षभर मला ज्या एका नियमाचा राग आला, त्या नियमापासून.

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. आणि लीगच्या कितीतरी मॅच नेमक्या शनिवारी तीनलाच असतात. म्हणजे जिचा आवाज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो, ती मॅच मला दिसत नाही. तीच मॅच कोल्हापुरात माझा भाचा सोहम रात्रीचं ताट मांडीवर घेऊन निवांत बघतो. माझ्या गल्लीतली मॅच कशी चाललीय हे मी सात हजार किलोमीटरवरच्या पोराला फोन करून विचारायचं!

३१ ऑगस्ट २०२४ चा शनिवार मला अजून आठवतो. बोर्नमथविरुद्ध मॅच होती. मी कांदा चिरत होते, फोन स्पीकरवर, पलीकडे सोहम. हाफटाइमनंतर पाचेक मिनिटांत खिडकीची काच थरथरली. गोल. सोहम ओरडला तो बऱ्याच वेळाने, कारण त्याच्याकडे चित्र उशिरा पोहोचतं. थोड्या वेळात दुसरा गोल. दोन-शून्य. मी कुकर लावला. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक होतं. एव्हर्टनने गोल खाल्ला की काय होतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. हजारो माणसं एकदम गप्प होतात, आणि त्या शांततेत एका कोपऱ्यातून पाहुण्यांच्या लोकांचा बारीक आवाज येतो, लांबच्या मांडवातून यावा तसा. तो बारीक आवाज दहा मिनिटांत तीनदा आला. मी म्हटलं, "हरले रे." सोहम म्हणाला, "छे आत्या, दोन-दोन आहे अजून." मग तिसरा गोल त्याच्याकडेही पोहोचला आणि तोही गप्प झाला.

त्या संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर शेजारचे आजोबा त्यांचा डबा घेऊन उभे. (लिव्हरपूलमध्ये कचऱ्याचे डबे जांभळे असतात. लाल केले असते तर एव्हर्टनवाले चिडले असते, निळे केले असते तर लिव्हरपूलवाले, म्हणून जांभळे, असं इथे सांगतात.) आजोबा शहात्तर वर्षांचे आहेत. मला नावाने हाक मार म्हणून त्यांनी खूप सांगितलं, पण वडिलांहून मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. मी आजोबा म्हणते. अर्थ सांगितला तेव्हापासून माझ्याकडे कोणी आलं की ते स्वतःची ओळख 'आजोबा' म्हणूनच करून देतात. ते मला 'लव्ह' म्हणतात, जसं इथे सगळ्याच बायकांना म्हणतात.

मी टीव्हीबद्दल तक्रार केली, तर त्यांनी माझीच शाळा घेतली. हा नियम साठच्या दशकातला. मोठ्या संघांची मॅच घरबसल्या दिसायला लागली तर खालच्या विभागांतल्या छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाणार? त्यांचं तर पोट तिकिटाच्या पैशावर. "मॅच बघायची तर मैदानावर जायचं, लव्ह. एव्हर्टनचं तिकीट मिळत नसेल तर नदी ओलांडून ट्रॅनमिअरचं काढ." मला पटलं नाही. ज्याला शनिवारी सुट्टी आहे, त्याने हे सांगावं. मी परिचारिका आहे, माझे चारातले तीन शनिवार वॉर्डात जातात. शिवाय मी कोल्हापूरची. आमच्या शाहू स्टेडियमची गर्दी टिकवायला कुणाला टीव्ही बंद ठेवावा लागला नाही. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस... यातल्या दोघांची गाठ पडली की भर उन्हात पायऱ्या भरतात, आणि त्याच पोरांनी आदल्या रात्री जागून इंग्लंडची मॅचही पाहिलेली असते.

हे मी आजोबांना सांगितलं. तालमींच्या मालकीचे फुटबॉल संघ, मातीतल्या कुस्तीच्या आखाड्यांनी चालवलेले, हे त्यांना इतकं आवडलं की सबंध हिवाळा ते मला पेठांची नावं विचारत राहिले. आपल्याकडे अजूनही पुण्या-मुंबईची मंडळी विचारतात, "कोल्हापूर म्हणजे कुस्ती ना?" अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला, तेव्हाही विचारत होती. एका इंग्रज म्हाताऱ्याने मात्र कागदावर लिहून घेतलं.

बोलणं निघालंय तर एक सल सांगते. मी आठवीपर्यंत आप्पांबरोबर शाहू स्टेडियमवर जायचे. शेंगा आप्पांच्या रुमालात, मी त्यांच्या शेजारी. आठवीनंतर कोणीतरी आप्पांना म्हणालं, आता पोरीला नका आणू, आणि ते थांबलं. इथे गुडिसनवर साठ-सत्तर वर्षांच्या बायका निळा मफलर गुंडाळून रेफ्रीला मनसोक्त शिव्या देतात, आणि त्यांचं कुणाला काही वाटत नाही. मला त्यांचा हेवा वाटतो. पण म्हणून हुल्लडबाजी फक्त आपल्याकडेच, असा अर्थ कुणी काढू नये. इथे १९८५ च्या कायद्याने आजही मैदान दिसेल अशा जागी बसून बिअर प्यायला बंदी आहे. तो कायदा काही साधुसंतांसाठी झाला नव्हता.

आता सीझनबद्दल. तुम्ही सगळे लिव्हरपूलचं विचारता, ते मला माहीत आहे. हो, लिव्हरपूल चॅम्पियन झाले. २७ एप्रिलला टॉटनहॅमला पाच-एक हरवलं, विसावं विजेतेपद. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे ॲनफिल्ड, मध्ये फक्त एक बाग. फटाके मध्यरात्रीपर्यंत चालले होते. सोहमचा मेसेज आला, "आत्या, तू बागेच्या चुकीच्या बाजूला राहतेस." त्याला लाल जर्सी हवी होती आणि मी ती पाठवली, कारण पोराचं मन मोडवत नाही. पण मला आवडलं नाही हेही खरं.

कारण बागेच्या या बाजूला मी जे वर्षभर ऐकलं, ते त्याला कसं समजावू? आजोबा, त्यांचे दोन मित्र, कोपऱ्यावरचा न्हावी, माझ्या वॉर्डातले निम्मे रुग्ण, सगळे ऑगस्टपासून एकच बोलत होते: गुडिसनच्या शेवटच्या वर्षी संघ खालच्या विभागात जाऊ नये. बस. एव्हर्टन १९५४ पासून सलग वरच्या विभागात आहे. शेवटचा करंडक १९९५ चा, शेवटचं लीग विजेतेपद १९८७ चं. त्याआधीच्या सीझनला आर्थिक नियम मोडले म्हणून दोन वेळा मिळून आठ गुण कापले गेले, तरी प्रशिक्षक शॉन डाइचने संघ वाचवला होता. जानेवारीत त्यांना काढलं तेव्हा आजोबांचे मित्र खूश झाले आणि आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. "अडचणीत ज्याने घर सांभाळलं, त्याला असं कप स्पर्धेच्या मॅचच्या दिवशी काढत नाहीत," म्हणाले. दोन दिवसांनी डेव्हिड मॉइस परत आले, २००२ ते २०१३ ज्यांनी हाच संघ सांभाळला होता ते. तेव्हा आजोबांनी दार वाजवून मला सांगितलं, आता वाचलो. त्या दिवशी संघ खालच्या विभागात जाणाऱ्या शेवटच्या तिघांपेक्षा फक्त एका गुणाने वर होता.

१ फेब्रुवारीला आजोबांच्या मित्राला बरं नव्हतं, म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. लेस्टरविरुद्ध. बुलन्स रोडच्या बाजूच्या स्टँडच्या वरच्या मजल्यावर लाकडी खुर्च्या, बसताना पाटी उघडावी लागते. समोर लोखंडी खांब. मी ओढणी सावरत खाली बसतेय तोवर सगळे उभे राहिले. दहा सेकंदांत डूकुरेचा गोल! मला दिसला तो खांब आणि पुढच्या माणसाची पाठ. आजोबांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. चार-शून्य जिंकलो. जिंकलो, असं मी पहिल्यांदाच म्हणाले, ते त्या दिवशी.

अकरा दिवसांनी गुडिसनवरची शेवटची डर्बी, म्हणजे एव्हर्टन-लिव्हरपूल मॅच. डिसेंबरातली मॅच वादळामुळे पुढे ढकललेली होती. मी रात्रपाळीला. शेजारशेजारच्या खाटांवर एक लाल, एक निळे, दोघांच्या कानात रेडिओ. लिव्हरपूल दोन-एकने पुढे होते. अठ्ठ्याण्णवाव्या मिनिटाला एव्हर्टनच्या टारकोव्स्कीने गोल मारला आणि निळ्या बाजूचे गृहस्थ सलाइनच्या नळीसकट उठून बसले. मी त्यांना रागावले, झोपवलं, आणि मागे वळले तर लाल बाजूचे गृहस्थ पांघरुणाखालून हात काढून त्यांच्याशी हात मिळवत होते. गुडिसनवर एकशेवीस डर्बी झाल्या. एक्केचाळीस यांनी जिंकल्या, एक्केचाळीस त्यांनी, बाकीच्या बरोबरीत. हा आकडा त्या रात्री मला दोन्ही खाटांवरून वेगवेगळा सांगितला गेला.

मे महिन्यात गल्लीतली बोलणी बदलली. खाली जायची भीती संपली होती, आता नवीन स्टेडियमची चर्चा. ब्रॅम्ली-मूर गोदीवर, मर्सी नदीच्या काठाला, इथून तीनेक किलोमीटर, बावन्न हजारांहून जास्त जागा, मध्ये एकही खांब नाही. सगळे कौतुक करत होते. आजोबा कौतुक करून गप्प व्हायचे. मग एकदा चहा पिताना म्हणाले, त्यांच्या वडिलांची रक्षा गुडिसनवर आहे. मैदानाच्या कडेला, ग्लॅडिस स्ट्रीटच्या गोलजवळ. अशी आठशेहून जास्त माणसं तिथे आहेत. जागाच उरली नाही म्हणून क्लबने पुढे ते थांबवलं. मैदान पाडून घरं बांधणार असं ठरलं होतं, आणि म्हातारा वर्षानुवर्षं तेवढ्या एका विचाराने झोपत नव्हता.

आपल्याकडे रक्षा पंचगंगेत सोडतात आणि नदी पुढे नेते. मैदानात माणूस ठेवायचा, आणि मग दर पंधरा दिवसांनी त्याच्या शेजारी बसून मॅच बघायची, हे मला आधी विचित्र वाटलं. मग मला आमचं पेठेतलं घर आठवलं. चार वर्षांपूर्वी ते पाडलं, आता तिथे पाच मजल्यांची इमारत आहे. मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. दादाने फोन सोप्याकडे धरला, मग परसाकडे, मग त्याला कोणीतरी हाक मारली आणि फोन खिशात गेला. मी इथे होते म्हणून घर गेलं असं नाही. मी तिथे असते तरी भावकीचा निर्णय तोच झाला असता, आणि आप्पांच्या औषधपाण्याचे पैसे इथूनच जातात. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.

१३ मे रोजी क्लबने जाहीर केलं की गुडिसन पाडणार नाही, महिलांचा संघ तिथे खेळेल. आजोबा सकाळी साडेसातला माझ्या दारात उभे, रात्रपाळीवरून मी नुकतीच आलेले. त्यांना बोलता येत नव्हतं. मीच म्हटलं, "कळलं मला." आणि माझ्या मनात आलं, बायका खेळणार म्हणून ते मैदान उभं राहिलं. हे आप्पांना सांगायला हवं.

रविवारी मला तिकीट नव्हतं. आजोबांची नात ऑस्ट्रेलियाहून आली होती, ती गेली. पण बारा वाजता गुडिसन रोडवर बिनतिकिटाची इतकी माणसं होती की चालायला जागा नाही. निळा धूर, लहान पोरं बापांच्या खांद्यावर, कोपऱ्यातल्या सेंट ल्यूक चर्चच्या कठड्याला धरून म्हातारे उभे. मॅच टीव्हीवर होती, घरी बसून दिसली असती. आणि मी, जिने या नियमावरून वर्षभर भांडण केलं, ती भिंतीबाहेर उभी राहून नुसता आवाज ऐकत होते. सहाव्या मिनिटाला एन्डिआयेचा गोल. हाफटाइमच्या तोंडावर पुन्हा एन्डिआये. साउथॅम्प्टनविरुद्ध दोन-शून्य. तेव्हा एक मॅच बाकी होती, संघ तेराव्या नंबरावर. तेराव्या नंबरासाठी मोठमोठे पुरुष रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.

कोल्हापुरात साडेचार वाजले होते. आप्पांनी मॅच लावली होती. फोनवर म्हणाले, "पोरी, तुझा आवाज येईना, नुसता कालवा येतोय. राहू दे तसाच."

आजोबा बाहेर आले तेव्हा मॅच संपून दीड तास होऊन गेला होता. नात मित्रमैत्रिणींकडे गेली. ते माझ्या पायरीवर बसले, मी आल्याचा चहा केला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तुझ्या वडिलांचं मैदान आहे ना अजून?"

"आहे," म्हटलं. "पायऱ्यांवर बसूनच बघतात."

त्यांनी मान हलवली आणि कप पुढे केला. मी अर्धा चहा अजून ओतला.