हॉटस्पॉटसाठी परवडणारा प्रीपेड प्लॅन शोधताना

घरात ब्रॉडबँड नसलं आणि काम लॅपटॉपवर असलं की मोबाईलचा हॉटस्पॉट हेच रोजचं नेट होतं. माझं तेच झालं. जागा काही महिन्यांपुरती होती, तिथे वायरचं कनेक्शन ओढून घेण्यात अर्थ नव्हता आणि पोस्टपेडच्या करारात अडकायचं नव्हतं. म्हणजे प्रीपेडच, आणि तोही खिशाला झेपेल असा.

प्लॅन बघायला लागण्याआधी मी लॅपटॉप किती डेटा खातो ते बघितलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात गेल्या ३० दिवसांत कोणत्या ॲपने किती डेटा वापरला याची यादी मिळते. वर ब्राउझर होता, ते साहजिकच. त्याच्याखाली फोटो आणि फाइल्स क्लाउडवर चढवणारं ॲप आणि सिस्टिमचे अपडेट्स होते. या दोघांनी मिळून एकूण वापराचा बराच मोठा हिस्सा खाल्ला होता आणि त्यातलं बहुतेक माझ्या नकळत, मागच्या मागे झालं होतं. हॉटस्पॉटच्या कनेक्शनला 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं नेट, अशी खूण केली आणि क्लाउडचं सिंक हाताने चालू-बंद करायला लागले, तेव्हा गरज एकदम खाली आली. बिनामीटरच्या नेटवरचा वापर बघून प्लॅन घेतला असता तर उगाच एक पायरी वरचा घ्यावा लागला असता.

व्हिडिओ कॉलचा हिशेब मात्र वेगळा करावा लागला. १ एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) तासभर डेटा वाहिला तर ४५० एमबी होतात. चित्र दोन्ही बाजूंनी जातं-येतं, त्यामुळे दिवसात दोन तास कॉल असले की दीड-दोन जीबी बघता बघता संपतात. ज्या मीटिंगमध्ये मला फक्त ऐकायचं असतं तिथे मी कॅमेरा बंद ठेवते आणि समोरचं येणारं चित्रही ॲपमधून बंद करते. नुसत्या आवाजाला फार थोडा डेटा लागतो.

एवढं हातात आल्यावर प्लॅन बघायला बसले. पहिला प्रश्न: यात हॉटस्पॉट चालतो का, आणि किती? फोनवरचा डेटा आणि हॉटस्पॉटचा डेटा या काही कंपन्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'अनलिमिटेड' असं ठळक लिहिलेलं असतं, पण अटींच्या पानावर खाली हॉटस्पॉटला स्वतंत्र मर्यादा असते, आणि काही स्वस्त प्लॅनमध्ये तो अजिबात नसतो. हे वाक्य सापडेपर्यंत मी कुठल्याच प्लॅनच्या किमतीकडे गंभीरपणे बघितलं नाही. सापडत नसेल तर ग्राहक सेवेला चॅटवर विचारायचं आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवायचा. फोनवर विचारलं की एक जण 'हो' म्हणतो, दुसरा 'बघून सांगतो' म्हणतो आणि हातात काहीच राहत नाही.

दुसरा प्रश्न कोटा संपल्यावर काय होतं हा. काही ठिकाणी नेट बंद पडतं, काही ठिकाणी नवीन पॅक आपोआप लागतो आणि बॅलन्स कापला जातो, तर काही ठिकाणी वेग १२८ किंवा ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. दोन एमबीचं एक साधं वेबपेज उघडायला चार मिनिटांहून जास्त वेळ. कागदावर याला 'अमर्याद डेटा' म्हणतात, पण त्यावर लॅपटॉपवरचं कुठलंच काम होत नाही. मी तो भाग शून्य धरूनच तुलना केली.

रोजच्या कोट्याचे प्लॅन मी बाजूला ठेवले. फोनपुरते ते उत्तम असतात, कारण फोनचा वापर रोज साधारण सारखाच असतो. लॅपटॉपचं तसं नसतं: एखाद्या दिवशी मोठ्या फाइल्स पाठवायच्या असतात, दुसऱ्या दिवशी नेट लागतही नाही. रोजच्या कोट्यात न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडतो आणि गरजेच्या दिवशी दुपारीच संपतो. पूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन, आकडा थोडा कमी वाटला तरी, मला जास्त पुरला. मुदतही नीट बघावी. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण त्याने वर्षात १२ नव्हे तर १३ रिचार्ज होतात. त्यामुळे मी सगळ्या प्लॅनची किंमत दिवसांनी भागून एका वहीत लिहिली. स्वस्त वाटणारे दोन-तीन प्लॅन तिथेच गळाले.

आता रेंज. प्लॅन कितीही चांगला असला तरी टेबलापाशी सिग्नल नसेल तर पैसे पाण्यात. अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'मध्ये सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. हा आकडा ऋण असतो. उणे ८५-९०च्या आसपास असला तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला की अडचण. खोलीच्या आत आणि खिडकीपाशी यात चांगलाच फरक दिसला, म्हणून फोन आता खिडकीतच असतो. स्पीड टेस्ट मी रात्री आठ-नऊच्या सुमारास घेतली, कारण गर्दी तेव्हा असते. जे स्वस्त ऑपरेटर स्वतःचे टॉवर न उभारता दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने वापरतात, त्यांच्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी बऱ्याचदा मागचा नंबर मिळतो. सकाळच्या टेस्टमध्ये हे कळतच नाही. स्पीड टेस्टही जपून घ्यावी. १०० एमबीपीएसने दहा सेकंद चालली तर सव्वाशे एमबी गेले.

सगळं जुळल्यावर एका ऑपरेटरचा सगळ्यात कमी मुदतीचा रिचार्ज घेतला. जुना नंबर पहिल्या स्लॉटमध्ये तसाच ठेवला, नवीन सिम दुसऱ्यात टाकलं. फोनवर नेट झकास चाललं. हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप जोडला गेला आणि खाली 'नो इंटरनेट' दिसलं. प्लॅनमध्ये हॉटस्पॉट आहे याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता, म्हणून मी मागे लागले. बऱ्याच वेळाने चॅटवर योग्य माणूस भेटला. त्याने मोबाईल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये एपीएन, म्हणजे फोन ऑपरेटरच्या नेटला कसा जोडायचा याची नोंद, उघडायला सांगितलं. त्यात 'एपीएन टाइप' नावाची एक ओळ असते. तिथे 'डिफॉल्ट' होतं, पण 'डीयूएन' नव्हतं. हॉटस्पॉटचा डेटा कोणत्या वाटेने जायचा ते काही फोनमध्ये या तीन अक्षरांवर ठरतं. स्वल्पविराम देऊन ते जोडलं, सेव्ह केलं, फोन बंद करून सुरू केला आणि लॅपटॉपवर पानं उघडायला लागली.

ज्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉट नाही, तिथे तो लपवून चालवण्याच्या युक्त्या बऱ्याच जणांनी मला सुचवल्या. कंपनीला ते कळण्याचा एक मार्ग टीटीएल नावाचा आकडा. डेटाच्या प्रत्येक पाकिटावर तो असतो: अँड्रॉइड आणि मॅकवर साधारणपणे ६४ पासून सुरू होतो, विंडोजवर १२८ पासून, आणि मध्ये लागणाऱ्या प्रत्येक उपकरणापाशी एकने कमी होतो. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून गेलं की ६३ किंवा १२७ होऊन बाहेर पडतं. हा आकडा बदलता येतो, पण मी त्या वाटेला गेले नाही. अटी मोडल्या म्हणून सिम बंद झालं तर काम थांबेल, आणि कामासाठीच तर हे नेट घेतलंय. हॉटस्पॉटला परवानगी असलेला प्लॅन थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन.

रोजच्या वापरात वायफायपेक्षा केबलने जोडणं मला बरं वाटतं. कनेक्शन स्थिर राहतं, फोन चार्ज होत राहतो आणि शेजारच्या वायफायची गर्दी आड येत नाही. खिडकीतल्या फोनपासून टेबलापर्यंत पुरेल एवढी लांब केबल मात्र घ्यावी लागली. वायफायच वापरायचं असेल आणि लॅपटॉप जवळ असेल तर हॉटस्पॉटचा बँड ५ गिगाहर्ट्झ ठेवावा. भिंतीपलीकडे बसायचं असेल तर २.४ बरा. पासवर्ड मोठा ठेवावा, कारण मोजून घेतलेला डेटा दुसऱ्या कुणी वापरणं परवडत नाही.

छोट्या मुदतीचा रिचार्ज संपेपर्यंत रात्रीचा वेग, कॉल, मोठ्या फाइल्स हे सगळं तपासून झालं होतं. त्यानंतर त्याच ऑपरेटरचा लांब मुदतीचा प्लॅन घेतला, त्यात दिवसाचा खर्च आणखी खाली आला. फोनमध्ये डेटाची सूचना कोट्याच्या ८० टक्क्यांवर लावून ठेवली आहे. ती वाजली की क्लाउडचं सिंक बंद होतं आणि मोठी डाउनलोड्स पुढच्या रिचार्जपर्यंत थांबतात.