जौजे रॉय ब्रायंट

लोक अमेरिकेला लेकीकडे येतात आणि नायगारा बघून जातात. मला एका खेडवळ कोर्टाचं रेकॉर्ड बघायचं होतं. जावई म्हणाले, "आई, तिकडे शेतांशिवाय काही नाही हो." मी आयुष्यभर वऱ्हाडातल्या तालुका कोर्टात नोकरी केली. त्यातली शेवटची वर्षं रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळे शेतांशिवाय काही नसलेल्या गावात कोर्ट कसं चालतं हे मला कुणी सांगायला नको.

या वेडाचं कारण एक कागद होता. 2022 च्या जून महिन्यात मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवूडच्या कोर्टात, तळघरातल्या एका खोक्यात 1955 सालचं अटक वॉरंट सापडलं. त्याची बजावणी कधी झालीच नव्हती. 67 वर्षं ते तसंच पडून राहिलं. ही बातमी वाचली तेव्हा मी अजून नोकरीत होते, आणि खरं सांगते, पहिला विचार न्यायाचा वगैरे आला नाही. मनात आलं, वाळवी कशी लागली नाही?

प्रकरण एमेट टिलचं. शिकागोचा चौदा वर्षांचा काळा मुलगा सुट्टीत नातेवाइकांकडे मिसिसिपीत आला होता. मनी नावाच्या वस्तीतल्या दुकानात गेला, आणि दुकानवालीला, म्हणजे गोऱ्या बाईला, शीळ घातली असा त्याच्यावर आळ आला. 28 ऑगस्ट 1955 च्या पहाटे तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि नवऱ्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला झोपेतून उठवून नेलं. तीन दिवसांनी तालाहाची नदीत प्रेत मिळालं. गळ्यात काटेरी तारेनं जिनिंगचा पंखा बांधलेला होता, सुमारे 34 किलोचा. आमच्या गावाला तीन जिनं होती. तो पंखा केवढा असतो हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मेम्फिसहून सकाळी निघालो. गाडी लेक चालवत होती, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा माझ्या मांडीवर. हायवे 61 नं खाली क्लार्क्सडेल, मग 49, आणि टटवायलरला रस्त्याचे दोन फाटे होतात त्यातला पूर्वेकडचा. हा सगळा भाग मिसिसिपी डेल्टाचा. जमीन इतकी सपाट की नजर कुठे अडत नाही. चढ म्हणून नाही, टेकडी म्हणून नाही. पऱ्हाटीची बोंडं फुटली होती. "आई, तुला अगदी घरी आल्यासारखं वाटत असेल," लेक म्हणाली. वाटत होतं खरं, फक्त वावरात माणूस दिसत नव्हता. आमच्याकडे या दिवसांत वेचणीला बायांची रांग असते. इथे घराएवढं यंत्र एकटंच फिरत होतं.

वाटेत आधी एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कार्यालयात डोकावलो, त्याचं नाव घेत नाही. तिथे दारावर जेवणाच्या सुट्टीची पाटी होती, आणि सुट्टी संपून वीस मिनिटं झाली तरी पाटी जागेवरच. मला फार आपलेपणा वाटला.

खटला चालला ते सम्नर हे गाव जेमतेम तीनशे वस्तीचं. मध्ये चौक, चौकात विटांचं घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट, समोर चार दुकानं. बस. तरीही हे काउंटीचं मुख्यालय आहे, म्हणजे दोनपैकी एक. इथे नवखा माणूस हमखास फसतो. मिसिसिपीत 82 काउंट्या आहेत, आणि त्यातल्या दहांना दोन-दोन मुख्यालयं. तालाहाची काउंटी त्या दहांतली. नदीच्या एका अंगाला टेकड्यांकडचं चार्ल्सटन, दुसऱ्या अंगाला डेल्टातलं सम्नर. दोन न्यायिक विभाग, दोन इमारती, दोन रेकॉर्ड. चार्ल्सटनला जाऊन सम्नरची फाईल मागाल तर नाही म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील.

बाकी व्यवस्था समजायला सोपी आहे. ज्या गुन्ह्याला राज्याच्या तुरुंगाची किंवा देहदंडाची शिक्षा होऊ शकते तो फेलनी. तो चालतो सर्किट कोर्टात, आणि त्याचं दप्तर सर्किट क्लर्ककडे. किरकोळ गुन्हे जस्टिस कोर्टाकडे. जमिनी, मृत्युपत्रं, घटस्फोट यांचं कार्यालय वेगळं, ते चान्सरी. सर्किट क्लर्क हा निवडून आलेला माणूस असतो, हे ऐकून मी दोनदा विचारलं. आमच्या शिरस्तेदारांना निवडणूक लढवावी लागली असती तर अनामतसुद्धा वाचली नसती.

खिडकीवरच्या बाईंना मी म्हटलं, मला जुन्या फौजदारी केसेसचा इंडेक्स कसा असतो तो बघायचाय. का, कशासाठी, तुम्ही पक्षकार आहात का, काही नाही. नकलेचा अर्ज नाही, कोर्ट फी स्टँप नाही. आपल्याकडे तिऱ्हाइताला नक्कल हवी तर कारण द्यावं लागतं, साहेबांची परवानगी लागते. इथे निकाली फौजदारी फाईल सर्वांना खुली. अल्पवयीनांची प्रकरणं आणि कोर्टाच्या हुकमानं पुसलेल्या नोंदी तेवढ्या वगळायच्या. लेकीला वाटलं ही केवढी पारदर्शकता. मला दिसली ती मेख. फाईल खुली आहे, पण शोधायची तुम्ही. इंडेक्स आरोपीच्या नावावर. मयताच्या नावानं शोधाल तर जन्म जाईल. सगळं जग ज्याला एमेट टिल खटला म्हणतं, तो वहीत असायचा ब्रायंट आणि मायलमच्या अक्षरांखाली.

बाईंना मी आमची अ-ब-क-ड यादी सांगितली. अ म्हणजे कायम जतन, ड म्हणजे वर्षभरात रद्दी. त्यांनी फार मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, वरचं कोर्टरूम बघून घ्या, आज काम नाहीये.

जिना चढून वर गेलो. ही खोली आता 1955 साली होती तशी परत करून ठेवलीय. लाकडी बाकं, ज्यूरीच्या बारा खुर्च्या. सप्टेंबरच्या 19 तारखेला खटला सुरू झाला आणि 23 ला संपला. पाच दिवस. ज्यूरीत बारा गोरे पुरुष. बायकांना मिसिसिपीत 1968 पर्यंत ज्यूरीत बसताच येत नव्हतं, आणि काळ्यांना मतदार यादीतूनच बाहेर ठेवलेलं, मग ज्यूरीत कुठून येणार! मुलाची आई, मेमी टिल, आणि काळे पत्रकार यांच्यासाठी बाजूला एक पत्त्यांचं टेबल मांडलेलं होतं. मुलाचे वृद्ध आजेमामा, मोझ राइट, साक्षीला उभे राहिले आणि भर कोर्टात हात लांब करून त्यांनी आरोपी दाखवला. कोर्ट चालू असताना फोटोला बंदी होती. मेम्फिसच्या अर्नेस्ट विदर्स यांनी तो क्षण चोरून टिपला. जबाबात आम्ही लिहितो, "साक्षीदाराने आरोपीस ओळखले." हात किती थरथरत होता हे लिहायला रकाना नसतो.

ज्यूरीनं 67 मिनिटांत निर्दोष म्हटलं. मध्ये सोडा प्यायला थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता, असं त्यातलाच एक जण नंतर बोलला.

मी साक्षीदाराच्या खुर्चीजवळ बराच वेळ उभी राहिले, आणि लेकीनं विचारलं, "पण सोडलंच तर वर अपील का नाही केलं?" इथे आपला आणि त्यांचा कायदा वेगळा. आपल्याकडे निर्दोष सुटकेविरुद्ध सरकार अपिलात जातं. 1959 चा नानावटी खटला आठवा, तिथे तर ज्यूरीनं सोडलं, ते न पटून सेशन्स जज्जांनीच प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि हायकोर्टानं जन्मठेप दिली. अमेरिकेत ज्यूरीनं सोडलं की त्या आरोपासाठी विषय संपला. म्हणूनच 1956 च्या जानेवारीत या दोघांनी लुक मासिकाकडून पैसे घेऊन सरळ छापून आणलं की हो, आम्हीच मारला. कोणी हात लावू शकलं नाही.

याचा दप्तरावरही परिणाम होतो, जो वकिलांनासुद्धा चटकन सुचत नाही. अपील नाही म्हणजे जबाबांची टंकलिखित प्रत वर पाठवायची नाही. वर पाठवलेली नाही म्हणजे वरच्या कोर्टाच्या कपाटातही नाही. या खटल्याचे जबाब असेच कित्येक वर्षं बेपत्ता होते. 2004 मध्ये एफबीआयनं तपास पुन्हा उघडला तेव्हा कुठे प्रतीच्या प्रतीची एक पुसट प्रत मिळाली आणि ती पुन्हा टंकून काढावी लागली. साडेतीनशेच्या वर पानं. झेरॉक्सची झेरॉक्स वाचून डोळे गेलेली मी. त्या टंकलेखकांना माझा नमस्कार.

आता तुम्ही म्हणाल, खटला सम्नरला, मग वॉरंट ग्रीनवूडला कसं? हीच तर गंमत. मुलाला उचललं मनीहून, ते लेफ्लोर काउंटीत. मारलं ड्रू गावाजवळच्या एका कोठारात, ते सनफ्लॉवर काउंटीत. प्रेत मिळालं तालाहाचीत, म्हणून खून सम्नरला चालला. अपहरण लेफ्लोरकडे राहिलं आणि नोव्हेंबर 1955 मध्ये तिथल्या ग्रँड ज्यूरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, आरोपपत्रच नाकारलं. एक पोर, तीन काउंट्या. कारकुनी भाषेत याला हद्दीचा वाद म्हणतात.

ग्रीनवूड पुढे तासाभरावर. कोर्ट मोठं, शहराच्या कोर्टासारखं. तळघर दाखवा म्हणायचा धीर झाला नाही, आणि ते दाखवण्याची जागाही नव्हे. मी बाहेर हिरवळीवर उभी राहून त्या कागदाचा विचार केला. 2022 मध्ये शोधायला गेलेल्यांत टिलचे नातेवाईकही होते. खोकी दशकांनुसार लावलेली, त्याहून जास्त खूण नाही. एका खोक्यातल्या फोल्डरमध्ये मिळालं. तारीख 29 ऑगस्ट 1955, आरोप अपहरणाचा. नावं तीन: जे. डब्ल्यू. मायलम, रॉय ब्रायंट, आणि मिसेस रॉय ब्रायंट.

मिसेस रॉय ब्रायंट! बाईचं नाव कॅरोलिन. ते तिच्या अटकेच्या कागदावर नाही.

आमच्या जुन्या फायलींत असतं ना, "गंगू जौजे रामा", म्हणजे रामाची बायको गंगू, तसं. सातबाऱ्यावर उलटं, नावापुढे "भ्रतार" लावून नवऱ्याचं नाव. नव्या मुली रेकॉर्डला आल्या की पहिला प्रश्न हाच विचारायच्या, मॅडम, हे जौजे कोणाचं आडनाव? एकदा एका वारस प्रकरणात मी आठवडाभर एक बाई शोधत होते. तिच्या नावानं काही मिळेना. शेवटी नवऱ्याच्या नावाखाली सापडली, जौजे करून, नाव चुकीचं लिहिलेलं. ग्रीनवूडला कॅरोलिन म्हणून शोधणाऱ्याला काय मिळालं असतं? फाईल असायची नवऱ्याच्या गठ्ठ्यात.

बजावणी का झाली नाही, तर शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, त्या वेळी पत्रकारांना म्हणाला होता, तिला दोन लहान मुलं आहेत, तिला त्रास द्यायचा नाही. मेमी टिलला एकच होतं.

वॉरंट मिळालं, गाजलं, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये लेफ्लोरच्या ग्रँड ज्यूरीनं पुन्हा आरोप ठेवायला नकार दिला. 2023 च्या एप्रिलमध्ये बाई वारली, 88 वर्षांची. त्याच वर्षी जुलैत सम्नरचं कोर्ट राष्ट्रीय स्मारकाचा भाग झालं. त्याच्या आवारात, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकांचा पुतळाही आहे, अजून उभा. आमच्या गाडीपर्यंत त्याची सावली आली होती, एवढंच मी त्याबद्दल लिहिते.

परतताना ऊन उतरलं होतं. लेकीनं विचारलं, "आई, तुमच्याकडे अशी न बजावलेली वॉरंटं यायची?"

"ढिगानं. मागे पोलिसांचा शेरा, मिळून आला नाही."

"मग काय करायचात?"

"आरोपी मिळतच नसला की केस डॉरमंट फाईलला टाकायची."

"म्हणजे विसरायची?"

"विसरायची नाही. सापडला तर काढायची. म्हणून खोक्यावर साल लिहायचं असतं, महिना लिहायचा असतो," मी म्हटलं. "दशक काय लिहितात!"

आणि डबा उघडला. सकाळपासून पुऱ्या तशाच होत्या.