लाट खालून आली

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. "सर, सातव्या गाळ्यातल्या दोन फळ्या जागेवर नाहीत." गाळा म्हणजे जेटीच्या खांबांच्या दोन रांगांमधला भाग; फळी म्हणजे जेटीच्या डेकची, आधीच ओतून आणलेली (प्रीकास्ट) काँक्रीटची स्लॅब, एकेकीचं वजन 3.4 टन. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातून निघालो, भरूचमार्गे दुपारच्या ओहोटीला साइटवर पोचलो. एक फळी चिखलात उभी रुतलेली. दुसरी दिसलीच नाही.

आमचं डिझाइनचं ऑफिस वडोदऱ्यात, पण कामं खंभातच्या आखातातली. इथे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो. भावनगर बंदराला लॉकगेट, म्हणजे आतलं पाणी अडवून धरणारा दरवाजा, लागलं ते त्यामुळेच. या जेटीच्या पाइल्सच्या, म्हणजे तळात रोवलेल्या खांबांच्या, हिशेबावर मी तीन आठवडे घालवले होते. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्रवाहाचा आणि लाटेचा वेग आधी मिळवायचा, मग वर्ग करायचा. प्रवाह सेकंदाला 2 मीटर, लाट 1: वेगवेगळे वर्ग करून मिळवले तर 5, मिळवून वर्ग केला तर 9. ऑफिसातल्या मुलांनी पहिली पद्धत वापरली होती, मी सगळं परत करायला लावलं. पाइलवर शिंपले चढून व्यास वाढतो, तोही धरला. आडव्या बळांचा तो हिशेब मला आजही चोख वाटतो.

फळ्या गेल्या त्या खालून उचलून.

30 सेंमी जाडीची फळी म्हणजे चौरस मीटरला 750 किलो. नुसत्या दाबाने ती उचलायची तर पाणी तिच्या तळाच्या जवळजवळ पाऊण मीटर वर चढायला हवं. डेकचा तळ सर्वांत उंच भरतीच्या 1.3 मीटर वर ठेवला होता. बुटक्या बार्जना (मालवाहू सपाट बोटींना) सोयीचं म्हणून मालकांनी तो 60 सेंमी खाली घ्यायला लावला आणि आम्ही ऐकलं. 2 मीटरच्या लाटेचा माथा त्या तळाच्या फार तर अर्धा मीटर वर जातो. कागदावर फळी हलायला नको. पण माथा तळावर आपटतो त्या क्षणाचा दणका या दाबाच्या कितीतरी पट असतो. हे मला माहीत होतं. 2005 च्या कतरिना वादळात मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पुलांचे गाळे असेच खांबांवरून सुटले, ते फोटो नव्या मुलांना मीच दाखवतो. फळ्यांवर काँक्रीट ओतून सगळं एकजीव झाल्यावरची अवस्था तपासलीही होती. त्याआधी फळ्या बीमवर नुसत्या टेकलेल्या असतात, ते दहा-बारा दिवस तपासले नव्हते.

कंत्राटदाराच्या माणसाने नकाशा पुढे पसरला. "साहेब, फळ्या बांधून ठेवा असं कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं लिहिलं. तरी क्रेन रिकामी राहू नये म्हणून जूनमध्ये, उधाणाच्या तोंडावर चार गाळे मांडून ठेवणं ही शुद्ध हाव होती. आमच्या साहेबांनी पत्रात सगळा दोष त्यांच्यावर टाकला. त्यावर मी सही केली नाही.

रात्रपाळीचे वेल्डर त्याच गाळ्यावर बसून डबा खातात. त्या रात्री जनरेटर बंद पडल्यामुळे ते किनाऱ्यावर होते.

आठवडाभर माझे जुने नकाशे काढून बघतोय. आतापर्यंत चार जेट्यांवर फळ्या बांधून ठेवायची ती ओळ नाही. तीन बांधून झाल्यात. चौथ्या साइटला काल फोन केला. फळ्या ऑक्टोबरात बसवणार आहेत.