जातीचा रकाना खोडला: पोर्तुगीज वाइनच्या वहीतून

मंडळी, अठरा महिने झाले. लिस्बनला आल्यावर पहिल्याच आठवड्यात चाखलेल्या वाइनच्या नोंदींसाठी दोनशे पानी वही घेतली होती, ती परवा संपली. एकूण १४१ बाटल्या. त्यातल्या नऊ मोरीत ओतल्या आणि त्यातल्या दोन तर शुद्ध माझ्या वेंधळेपणामुळे: एक विन्यु वेर्द (ही कोवळीच प्यायची वाइन) दोन उन्हाळे फ्रिजच्या डोक्यावर ठेवली, दुसरी फ्रीझरमध्ये विसरले. वही संपली की इथे हिशोब मांडायचा असं ठरलं होतं म्हणून मांडतेय, पण वहीतला पहिलाच रकाना मी का खोडला त्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

माझं माहेर निफाडचं. मामाच्या बागेत थॉमसन कुठली, सोनाका कुठली, माणिकचमन कुठली हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा वहीचा पहिला रकाना ‘जात’ हाच असणार. पोर्तुगीजमध्ये द्राक्षाच्या जातीला शब्द आहे ‘काश्ता’. होय, तोच. पोर्तुगीज आपल्याकडे आले, आपली व्यवस्था पाहून त्यांनी तिला आपलाच हा शब्द लावला आणि पुढे इंग्रजीत त्याचं ‘कास्ट’ झालं.

तिसऱ्या महिन्यात पहिली ठेच लागली. दोन लाल बाटल्या एकाच आठवड्यात उघडल्या होत्या. एक दक्षिणेतल्या आलेंतेजुची, लेबलवर ‘आरागोनेझ’. वहीत लिहिलं: मऊ, पिकलेलं जांभूळ, उन्हात तापलेली. दुसरी उत्तरेतल्या दोरु खोऱ्यातली, ‘तिंता रोरिझ’. तिच्यापुढे: ताठ, करवंद, जीभ आवळते. खाली मोठ्या तोऱ्यात शेरा मारला, ‘पहिली जात मवाळ, दुसरी करारी’. मग कळलं की दोन्ही द्राक्षं एकच, आणि सीमेपलीकडे स्पेनमध्ये त्यालाच तेंप्रानियो म्हणतात.

तिथून नावांचा गुंता सुटता सुटेना. लिस्बनजवळ आरिंतु असलेलं द्राक्ष वायव्येच्या मिन्यु भागात गेलं की पेदेर्ना होतं. तेजु भागातला फेर्नांव पिरेश बैरादा भागात मारिया गोमेश होतो, म्हणजे नुसतं आडनावच नाही, लिंगही बदलतं. आलेंतेजुचं रोपैरु पूर्वेच्या डोंगरात सीरिया आणि दोरुत कोदेगा. काही नावं तर चारचौघांत उच्चारू नयेत अशी. बिकाल नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या मण्यांवर तपकिरी ठिपके येतात म्हणून दाँव भागातले लोक त्याला ‘माश्यांची घाण’ म्हणतात. एक ‘मेंढीचं शेपूट’ आहे. एक इतकं आंबट की त्याचं नाव ‘कुत्र्याचा गळा आवळणारं’. या देशाच्या स्वतःच्या अडीचशेच्या वर जाती आहेत म्हणतात, त्यात ही टोपणनावं. मी रकान्यात तिरप्या रेघा मारून दोन-दोन नावं लिहायला लागले, मग तीन, मग जागाच पुरेना.

सप्टेंबरात दोरुला गेले. पोर्तुच्या सांव बेंतु स्थानकातून गाडी पकडायची आणि नदीकडची खिडकी सोडायची नाही. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, १९३७ ची. गाडी थांबली की निम्मा डबा तीच बघायला उतरतो. बाहेर आलं की समोर डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांचे. माती अशी नाहीच. पापुद्रे सुटणारा शिस्टचा दगड, तो फोडायचा, त्याचेच बांध रचायचे आणि उरलेल्या चुऱ्यात वेल लावायचा. पापुद्रे उभे असल्यामुळे मुळं फटींतून खोल खाली जातात आणि पावसाचं पाणीही तसंच मुरतं, म्हणून चाळीस अंशांतही वेल तग धरतो. पश्चिमेला मारांवचा डोंगर समुद्राचे ढग अडवतो. तिथली म्हण आहे: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. मी नरकाच्या शेवटच्या आठवड्यात पोचले.

काही पायऱ्या ओसाड दिसतात, बांध ढासळलेले, झुडपं माजलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड आली, तेव्हा मेलेल्या या बागा पुन्हा लावल्याच नाहीत. त्यांना ‘मोर्तोरियु’ म्हणतात. अर्थ सांगायची गरज नाही.

ज्या मळ्यावर मला संध्याकाळपुरतं द्राक्षं तुडवायला घेतलं, तिथल्या म्हाताऱ्या मालकांना मी वही पुढे करून विचारलं, ‘या बागेत जात कोणती?’ ते हसले. जुनी बाग, आजोबांनी लावलेली, सगळं मिसळून. बोटांवर मोजत सतरा नावांपर्यंत आले आणि मग हात झटकले. सगळं एकाच दिवशी तोडायचं, एकत्र तुडवायचं. एक जात कच्ची राहिली तर दुसरी पिकलेली असते, एक पावसात नासली तर दुसरी टिकते. आजोबांनी केलेला विमाच तो. जातवार वेगळ्या बागा ही इथे अगदी अलीकडची गोष्ट आहे. १९८० च्या आसपास जुझे आंतोनियु रोझाश आणि जुआंव निकोलाउ द आल्मैदा या दोघांनी अभ्यास करून पाच जाती पुढे आणल्या: तोरिगा नासिओनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिझ, तिंता बारोका आणि तिंतु कांव. त्यानंतर वेगवेगळे पट्टे लागायला लागले. त्याआधी लोक ‘दोरुची’ म्हणत, संपलं.

तुडवण्याबद्दल थोडं. ग्रॅनाइटचा उथळ हौद, गुडघ्याच्या वर द्राक्षं. पहिले दोन तास खांद्याला खांदा लावून, रांगेनं, एका ठेक्यात पाय उचलायचे. बोलायचं नाही, नाचायचं नाही. त्या भागाला ‘कोर्त’ म्हणतात. मग ‘लिबेर्दाद’ पुकारतात आणि ॲकॉर्डियन सुरू होतं. थंड लगदा, त्यात देठ टोचतात, आणि खालून हळूहळू ऊब लागायला लागते, ती आंबण्याची सुरुवात. माझे पाय चार दिवस जांभळे होते. ऑफिसात मोजे घालून बसले.

पोर्ट, म्हणजे इथली गोड, कडक वाइन, करायची असेल तर हे आंबणं दोन-तीन दिवसांत मध्येच तोडतात, ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू ओतून. साखर तशीच राहते. जुनं प्रमाण पाठ करून आले: ४३५ लिटर रस, ११५ लिटर दारू, मिळून ५५० लिटरचं एक ‘पिपा’. आपलं पिंप इथूनच आलंय. बाजूला उभ्या माणसानं चोथा ज्यात भरला ते ‘गामेला’, म्हणजे आपलं घमेलं, आणि धुवायला ‘बाल्द’, म्हणजे बालदी. चार वाक्यांच्या वर माझी पोर्तुगीज जात नाही, पण त्या हौदाभोवती मला सगळं समजत होतं.

रात्री वहीत आणखी एक गोष्ट लिहिली. १७५६ मध्ये मार्केश द पोंबाल या तेव्हाच्या मंत्र्यानं या खोऱ्याची हद्द आखली, ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले, आणि आतली वाइन तीच खरी असं ठरवलं. वाइनला रंग यावा म्हणून लोक एल्डरबेरीचा रस घालत, तर त्यानं ती झुडपंच उपटायला लावली. म्हणजे सरकारनं हद्द आखली ती जमिनीची. मी अडीचशे वर्षांनी येऊन जात विचारत होते.

तिथून परत आल्यावर रकाना खोडला. नवा पहिला रकाना: ‘गाव’. दुसरा: ‘पायाखाली काय’.

आणि या नव्या रकान्यांनी पहिल्यांदा हात दिला तो कोलारेशला. लिस्बनहून सिंत्रापर्यंत गाडी, पुढे समुद्राकडे. बाग दिसली तेव्हा मला बाग वाटलीच नाही. वाळू, वाळलेल्या बोरूच्या कुडाचे आडोसे, आणि जमिनीवर सरपटणारे वेल, कलिंगडासारखे. घड भरले की खाली काठ्यांचे टेकू देतात, नाहीतर तापल्या वाळूवर भाजून निघतील. वाळूत फिलॉक्सेरा जगत नाही, म्हणून साऱ्या युरोपच्या बागा उजाड होत होत्या तेव्हा इथला रामिश्कु जातीचा वेल शाबूत राहिला, आणि आजही स्वतःच्या मुळांवर उभा आहे. मामाकडे डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या चिवट वेलाच्या मुळांवर, पाचर कलम करतात ते खारं पाणी आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून; युरोपात खुंट आला तो या किडीपायी. मामाला फोनवर सांगितलं की इथे खुंटच नाही, तर म्हणाला, ‘मग पोरी, ती बाग नव्हे, देवराई.’

पण वेल वाळूत जगत नाही, खालच्या चिकणमातीत जगतो. लावताना चिकणमाती लागेपर्यंत खोल चर खणावा लागे, आणि वाळू ढासळली तर खाली माणसाला श्वास घ्यायला मिळावा म्हणून खणणारा डोक्यावर टोपली पालथी घालून उतरे. ही वाइन अर्ध्या लिटरच्या बाटलीत मिळते, तरुणपणी कोकमासारखी आंबट आणि तोंड कोरडं करणारी, मागे खारट हवेची आठवण. नवऱ्याला आवडली नाही. मला आवडली, पण टोपलीची गोष्ट कळल्यामुळे आवडली की नुसतीच आवडली, हे अजून ठरवता आलेलं नाही. एका दुकानातून घेतलेली जुनी बाटली मात्र नुसतं व्हिनेगर निघाली आणि बूच भुगा होऊन आत पडलं. जुनी कोलारेश उभी ठेवलेली दिसली तर घेऊ नका, बूच सुकलेलं असतं.

दाँवबद्दल लवकर आटपते, कारण तिथे जाणं झालं नाही. चहूबाजूंनी डोंगर, ग्रॅनाइट, पाइनची रानं. तोरिगा नासिओनालचं मूळ घर हेच मानतात, आणि दोरुतल्या पेक्षा इथे ती हलकी वाटते, अर्ल ग्रे चहाचा वास. १९४० च्या दशकापासून द्राक्षं विकत घेण्याचा हक्क सहकारी संघांकडेच होता; १९८६ मध्ये देश युरोपीय समुदायात गेल्यावर ती मक्तेदारी मोडली. साखर कारखान्यांच्या गावची असल्यामुळे ही गोष्ट मला फार समजावून सांगावी लागली नाही. पांढऱ्यांत एन्क्रुझादु घ्या. मी आणखी काही म्हणत नाही.

बैरादाचं द्राक्ष ‘बागा’. गोव्याचा किनारा आठवला ना? मलाही. जाड सालीचे लहान मणी, उशिरा पिकणारी, आणि नेमकी पिकायच्या वेळेला अटलांटिकचा पाऊस. चुनखडीच्या चिकणमातीत आली तरच तिचं सोनं होतं. ‘बारु’ म्हणजे चिकणमाती आणि प्रदेशाचं नावच त्यावरून. या द्राक्षाची तरुण वाइन म्हणजे कच्चं करवंद सालीसकट चावणं. मेआल्यादाच्या रस्त्यावर ती डुकराच्या भाजलेल्या पिल्लाबरोबर पितात, तिथला तुरटपणा चरबी कापतो. मी घरी कोल्हापुरी मटणाबरोबर काढली. करू नका. तुरटपणा आणि तिखट एकमेकांना चढवतात, दोन घोटांत कानातून धूर.

मिरचीसाठी विन्यु वेर्द. ‘वेर्द’ म्हणजे हिरवी खरी, पण इथे अर्थ कोवळी. स्वस्त बाटल्यांतला बुडबुडा बहुतेक वरून भरलेला असतो, ते माहीत असू द्या. मिन्यु इतका ओला आणि शेतं इतकी तुकड्यांची की वेल उंच मांडवावर चढवायचे आणि खाली मका, कोबी लावायची. आपला मांडव पाहून मी रस्त्यात गाडी थांबवायला लावली. तिथल्याच द्राक्षांपैकी लिमा नदीकाठचा लोरैरु कोळंबीच्या कालवणाबरोबर आणि मोंसांवचा अल्वारिन्यु तळलेल्या सुरमईबरोबर, अशी आमच्याकडे आता वहिवाट आहे.

नोव्हेंबरात आलेंतेजु. विला द फ्रादेश गावात ‘ताल्या’ पाहिल्या, आणि शब्द आपोआप तोंडात आला: रांजण. माणसाहून उंच मातीचे रांजण, आतून राळेचा लेप. रोमन काळापासूनची रीत. साल, बिया, सगळं आत घालायचं. आंबताना चोथा वर येऊन टोप धरतो, तो रोज दोनदा लाकडानं खाली ढकलायचा, नाहीतर कोंडलेल्या वायूनं रांजण फुटतो. सगळं खाली बसलं की तळाशी तोटी मारतात आणि चोथ्यातूनच गाळली जाऊन वाइन येते. ११ नोव्हेंबर, सांव मार्तिन्यु म्हणजे संत मार्टिनचा सण, या दिवशी रांजण उघडायचा. भाजलेली चेस्टनट, पेल्यात गढूळ पिवळी वाइन. जात विचारली तर उत्तर आलं, ‘इथली.’

मदैरा बेटाची वाइन अजून शिकतेय. जहाजांतून उष्ण कटिबंधात, भारतापर्यंत, जाऊन परत आलेली पिंपं जास्त चांगली लागतात हे लोकांना उमगलं. त्या फेरीच्या वाइनला ‘विन्यु द रोदा’ म्हणत. आता माळ्यावरच्या उन्हात किंवा गरम टाकीत तेच करतात. उघडलेली बाटली चार महिने ओट्यावर आहे, काकवीचा वास अजून तसाच. जे बिघडायचं ते आधीच बिघडून झालंय.

गेल्या रविवारी परीक्षा घेतली. नवऱ्यानं बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून बारा पेले मांडले. गाव ओळखलं आठ वेळा, जात तीन वेळा. त्यातही दाँव आणि दोरु दोनदा उलटे सांगितले, तर पुढचे सहा महिने तेवढंच करायचं, ग्रॅनाइट आणि शिस्ट शेजारी शेजारी. कोणाकडे यासाठी जोड्या असतील तर सुचवा.

बागाच्या तीन बाटल्या पलंगाखाली आडव्या ठेवल्यात, वर चिठ्ठी: ‘२०३५ आधी हात लावायचा नाही’. त्याखाली नवऱ्यानं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलंय.