चाचणीचं नुसतं मराठी का करत नाही?

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाचण्या मी घेते हे कळलं, की अनेकजण विचारतात, "चाचणी इंग्रजीत आहे ना? मग मराठी करून टाका. त्यात एवढं काय?"

मराठी एका दुपारी होईल. अडतं ते शाळेपाशी.

१९७५ साली अमेरिकेत तयार झालेली एमएमएसई ही स्मृती आणि आकलन तपासणारी ३० गुणांची चाचणी घ्या. १०० मधून ७ वजा करत जा, लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटा, मनाने एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढा. जिने कधी पेन्सिल धरली नाही, तिची स्मृती शाबूत असली तरी गुण जाणारच. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांपुढे हाच पेच होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिंदी चाचणीत वजाबाकी गेली, वार उलटे म्हणायला आले. लिहायच्या जागी घराबद्दल एक वाक्य बोलायचं, आणि डोळे मिटायचे ते समोरच्याचं बघून.

पण प्रश्न बदलला की त्याची काठिण्यपातळीही बदलते. मग निरोगी माणसांवर, शिक्षणाच्या गटांनुसार, ती चाचणी नव्याने घेऊन बघावी लागते. त्याशिवाय किती गुणांखाली काळजी करायची हे ठरत नाही. आजींना तारीख येत नाही, पण संकष्टी कधी आहे ते पक्कं ठाऊक असतं. मला कितीही वाटलं तरी तिथीला परस्पर गुण देता येत नाहीत. दिले तर तो आकडा कशाशीच ताडता येणार नाही.

उलटी अडचणही आहे. सोप्या चाचणीत निवृत्त प्राध्यापक ३० पैकी ३० मिळवतात आणि घरी परतताना रस्ता चुकतात. अशांसाठी २००५ ची मोका ही जरा अवघड चाचणी आहे. तिच्यात १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर १ गुण वाढवून देतात. बारावी झालेला आणि शाळेची पायरीही न चढलेली, दोघांना तोच १ गुण! मला हे हास्यास्पद वाटतं.

म्हणून सोबत आलेल्या सुनेला किंवा मुलाला मी बाजूला घेऊन विचारते: जेवण झाल्याचं विसरून पुन्हा ताट मागतात का? वर्षापूर्वीही असंच होतं का? आपल्याकडे म्हातारपणी कुणी हिशोब, बाजारहाट सोपवत नाही, त्यामुळे घसरण दिसतच नाही. "वय झालं, चालायचंच," एवढंच उत्तर मिळालं, तर मी हेच प्रश्न आजींच्या रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला विचारायला सांगते.